सिल्लोडचा दुसरा रस्ता

मी नोकरीत नेमकं काय करते, हे नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. इंटरनेटच्या कंपनीत आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, मग आमच्याकडे स्पीड का येत नाही? लग्नाच्या पंगतीतसुद्धा. एका चुलत दिरांनी तर वर आकाशाकडे बोट करून विचारलं होतं, उद्या युद्धबिद्ध झालं आणि हे वरचं सगळं बंद पडलं तर काय करणार? मी म्हटलं, वर काही नाहीच, जे आहे ते खाली, गटाराच्या शेजारी. त्यांना तो उद्धटपणा वाटला. मी त्यांना खरं तेच सांगितलं होतं.

नेट आकाशातून येतं, या गैरसमजाला टॉवर जबाबदार आहेत. टॉवर लांबून दिसतो, पण त्याच्या बुडातून जमिनीत शिरणारी केबल दिसत नाही. मोबाइलपासून टॉवरपर्यंत काय ते हवेतून, पुढचा प्रवास बहुतेक जमिनीखालून. रस्त्याच्या कडेला खोल पुरलेला प्लास्टिकचा पाइप, त्यात बोटाएवढी केबल, केबलच्या पोटात केसासारखे बारीक काचेचे तंतू आणि त्यांच्यातून धावणारा उजेड. सिल्लोडच्या एखाद्या अडत्यानं मक्याच्या पोत्यांचा फोटो मुंबईच्या व्यापाऱ्याला पाठवला, की तो फोटो आळंद, फुलंब्री, चौका, हर्सूल करत आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत येतो आणि तिथून पुढे निघतो. परदेशात जायचं असेल तर मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राच्या तळाशी उतरतो. तिथंही केबलच असते.

आता आपत्तीत हे टिकेल का? टिकेल. हे सगळं बांधतानाच गृहीत धरलेलं असतं की एक रस्ता तुटला तर दुसऱ्यानं जायचं. यंत्रांना ते कुणी फोन करून सांगावं लागत नाही. ती आपसात सतत विचारपूस करत असतात आणि एका बाजूनं उत्तर आलं नाही की डोळ्याचं पातं लवायच्या आत माहिती दुसरीकडून पाठवतात. वीज गेली तर बॅटरी आहे, बॅटरी उतरली तर डिझेलचा जनरेटर आहे. अट एवढीच, की दुसरा रस्ता खरोखर असला पाहिजे. ही अट मी कागदोपत्री शेकडो वेळा लिहिली. ती पाळली गेली आहे की नाही, हे तपासण्याचं कामही माझंच होतं.

माझ्या ताब्यात नोंदी होत्या. कुठली केबल कुठून निघते, कुठल्या मोरीवरून जाते, किती अंतरावर जॉइंट आहे, हे सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं आणि बरोबर ठेवायचं. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी चालत आलेली. आजोबा निजामाच्या काळात महसूल दफ्तरात होते. जुना कागद फाडायचा नाही, नवा करायचा असेल तर नक्कल काढायची आणि अस्सल शेजारी ठेवायची, ही त्यांची शिस्त वडिलांकडून माझ्याकडे आली. बावीस वर्षांत माझ्या नोंदीत चूक निघाली नव्हती. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

शहर ते सिल्लोड या केबलवर गस्त घालणारे एक गृहस्थ होते. फुलंब्रीजवळच्या खेड्यातले, घरची थोडी शेती असलेले, कंत्राटावरचे. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणे. काम दिसायला साधं. मोटारसायकलवर निघायचं, जिथं रस्त्याचं काम चालू असेल तिथं उतरून चालायचं, जेसीबीवाल्याला हात जोडून किंवा दम देऊन केबलपासून लांब ठेवायचं. चार दिवसांत त्यांची एक फेरी व्हायची. महिन्याच्या शेवटी गस्तीच्या पानावर सही. आधी कागदावर होती, पुढे मोबाइलवर बोटानं करायची झाली. बोटानं केलेली सही त्यांना आवडत नसे, ती वाकडी यायची.

मामांचं एक ज्ञान कुठल्याच नोंदीत नव्हतं. केबल टाकताना प्रत्येक जॉइंटच्या चेंबरमध्ये थोडी जादा केबल गुंडाळून ठेवतात, पुढे कधी तुटली तर ओढून घ्यायला. त्याला लूप म्हणतात. कुठल्या चेंबरमध्ये किती लूप, हे टाकणाऱ्यांनी लिहून ठेवायला हवं होतं, पण ठेवलं नव्हतं. त्यामुळे केबल तुटली की मशीन सांगणार बावीस किलोमीटरवर कट आहे, आणि बावीसच्या दगडापाशी जाऊन पाहावं तर तिथं काहीच नाही. मशीन केबल मोजतं, त्याला रस्ता कळत नाही. मामा फोनवर आकडा ऐकत, मनातल्या मनात लूप वजा करत आणि सांगत, "एकवीसच्या थोडं म्होरं बगा, रसवंतीपाशी." कट तिथंच असे. मी हे कित्येकदा ऐकलं आणि एकदाही लिहून घेतलं नाही. अंदाजाच्या गोष्टी नोंदीत कशा घ्यायच्या, असं मला वाटे.

मग शहराचं नाव बदललं. कुणाला कुठलं नाव प्रिय, यात मला पडायचं नाही. आमच्याकडे लोकांच्या तोंडात दोन्ही असतात आणि बसच्या पाटीपासून दुकानाच्या पाटीपर्यंत मिसळून चालतं. पण कंपनीचं दफ्तर मिसळून चालत नाही. हुकूम आला, सगळ्या मार्गांची नावं बदला. एका आठवड्यात मी शेकडो मार्गांची नक्कल नव्या नावानं काढली आणि जुन्या नोंदी एकेक करून बंद केल्या. सिल्लोडची जुनी नोंद तेवढी बंद करवेना. तिला मामांच्या सगळ्या सह्या जोडलेल्या होत्या, आणि नोंद बंद केली की त्या जातील असं स्क्रीनवर लाल अक्षरांत येत होतं. एवढ्या वर्षांच्या सह्या एका बटणानं घालवायच्या, हे माझ्या जिवावर आलं. सह्या नव्या नोंदीवर कशा न्यायच्या ते विचारून घेऊ, तोवर दोन्ही राहू देत, असं ठरवलं. विचारायचं राहून गेलं, आणि पुढे ते मी साफ विसरले.

तेव्हापासून कॉम्प्युटरच्या मते जुन्या नावाच्या शहरातून एक केबल सिल्लोडला जात होती, आणि संभाजीनगरातून दुसरी.

मुख्य कार्यालयातल्या लोकांनी आमचा भाग पाहिलेला नाही. त्यांना स्क्रीनवर दोन मार्ग दिसले. त्यांनी सिल्लोडचं काम एकावर टाकलं आणि दुसरा राखीव ठेवला. हुकूम सिल्लोडच्या जोडाऱ्याकडे, म्हणजे तंतू जोडणाऱ्या कारागिराकडे गेला, नव्या मार्गावर नऊ आणि दहा नंबरचे तंतू लावा. त्याच्यापुढे एकच केबल होती, तिच्यात नऊ-दहा रिकामे होते, त्यानं लावले. झालं. पडद्यावर दोन हिरव्या रेघा आल्या.

गस्तीची पानंही दोन झाली. जुन्या नावाच्या पानावर मामांची सही यायची, नव्या नावाचं पान कोरं राहायचं. दोन-तीन महिने तसं गेल्यावर मी त्यांना फोन लावला.

"मामा, दुसऱ्या पानावर सही राहतेय तुमची."

"दुसरं कंचं?"

"सिल्लोडचा दुसरा मार्ग. नव्या नावाचा."

"दुसरा कुटाय मॅडम? येकच हाय. म्या रोज जातो की."

मला वाटलं, वरच्यांनी दुसऱ्या एखाद्या कंपनीशी अदलाबदल करून तंतू घेतले असतील. तसं होतं कधीकधी, आणि आम्हाला सगळ्यात शेवटी कळतं. मी म्हटलं, "असेल कुठूनतरी. तुमच्या हद्दीत नसेल, पण सही तुमचीच लागते. करून टाका."

ते म्हणाले, "जिथं पाय ठिवला नाय, तिथं सही कशी करू?"

मला राग आला. मी ऑफिसात बसून आजवर हजारो सह्या केल्या होत्या, त्यातल्या किती ठिकाणी माझा पाय लागला होता? मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि त्या पानावर 'गस्त प्रलंबित' असा शेरा मारला. त्यानंतर काही दिवसांनी आपत्तीचा आराखडा मागवण्यात आला. पूर, भूकंप, दंगल, काहीही झालं तरी कुठल्या गावाचं नेट चालू राहील, याची यादी. सिल्लोडपुढे मी लिहिलं, 'दोन स्वतंत्र मार्ग', आणि खाली सही केली.

पुढच्या सप्टेंबरात, पाऊस आता आवरता घेईल असं वाटत असताना, दोन दिवस तो कोसळला. फुलंब्रीच्या पुढे आठ-नऊ किलोमीटरवर एक मोरी आहे, म्हणजे होती. ओढ्याच्या पाण्यानं तिचा अर्धा भाग रस्त्यासकट नेला. दुपारची वेळ, मी पडद्यासमोरच बसले होते. सिल्लोडच्या दोन्ही हिरव्या रेघा एकदम लाल झाल्या. एक आधी आणि एक मग असं झालं नाही. मी घड्याळाकडे पाहिलं, सेकंदसुद्धा तोच होता.

आमच्या केबलवर होतं ते सगळं सिल्लोड गप्प झालं. बाजार समितीत काट्याच्या पावत्या निघेनात. दवाखान्यातले एक्स-रे शहरातल्या डॉक्टरांना दाखवायचे असतात, ते अडले. लोक मोबाइल उंच धरून गच्चीवर गेले, जणू नेट वरच अडकलं होतं. फोनवर फोन येत होते आणि मी सगळ्यांना एकच सांगत होते, दुसरा मार्ग आहे, येईल. तो येत नव्हता.

मामा ओढ्यापाशी पोहोचले होते. पाणी उतरायला दुसरा दिवस उजाडला. मुख्य कार्यालयानं नवी केबल पाठवतो म्हटलं, पण ती गाडी जिथून यायची तिकडचाही रस्ता बंद होता. मामांनी अलीकडच्या आणि पलीकडच्या चेंबरची झाकणं काढून दोन्हीकडचे लूप ओढून घेतले. अलीकडे अठरा मीटर, पलीकडे चोवीस. हे आकडे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हते. पडलेल्या मोरीच्या वरून, विजेच्या खांबाच्या आधारानं केबल पार नेली, आणि सिल्लोडचा जोडारी चिखलात बसून तंतू जोडू लागला. त्याचं बोलणं दखनी वळणाचं. दुपारनंतर त्याचा फोन आला.

"देखो मॅडम, लाइट आया क्या?"

दोन्ही रेघा एकदम हिरव्या झाल्या.

"दोन्ही आल्या," मी म्हटलं.

"दोनों तो आनेच वाले, मॅडम. केबल तो एकीच है ना."

फोन ठेवल्यावर मी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी उघडल्या. एकतीस जॉइंट इकडे, एकतीस तिकडे, अंतरं मीटरला मीटर तीच. नक्कल चोख होती. माझ्याच हातची होती. मी पाणी प्यायले आणि पुन्हा येऊन बसले, तरी ती तशीच होती.

तिसऱ्या दिवशी चौकशी बसली. वरचे चार अधिकारी पडद्यावर, मी माझ्या टेबलाशी आणि मामा सिल्लोडच्या यंत्रांच्या खोलीत, जोडाऱ्याच्या मोबाइलसमोर. आरोप असा होता की राखीव मार्गावर गस्तीवाल्यानं वर्षभर पाऊल टाकलं नाही, पान कोरं आहे, शेरा 'प्रलंबित' आहे. मार्गाकडे लक्षच दिलं नाही म्हणून तो ऐन वेळी कामाला आला नाही. जी केबल त्या माणसानं आदल्या दिवशी चिखलात उभं राहून ओढली होती, तिच्यातूनच त्याला हे ऐकवलं जात होतं.

एकानं मला विचारलं, "मॅडम, सिल्लोडला मार्ग किती?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हणाले, "नोंदीत दोन आहेत, सर."

हे वाक्य मी आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून ते इतकं सहज आलं असावं. बावीस वर्षांची बिनचूक नोंद माझ्या डोळ्यांपुढे होती आणि मी घाबरले होते. लाज वाटली ती नंतर, पण वाटली तेव्हा इतकी वाटली की मी पडद्याकडे बघणं बंद केलं.

आता मामा सांगतील की मी मॅडमला फोनवर बोललो होतो, असं मला वाटत होतं. त्यांनी माझं नावही काढलं नाही. ते म्हणाले, "साहेब, म्या येकाच रस्त्यानं चालतो. दुसरा मला तर घावला नाय." पडद्यावरचे दोघं हसले. आठवडा संपायच्या आत कंत्राटदारानं त्यांना यायचं नाही म्हणून सांगितलं.

मुख्य कार्यालयाला पत्र लिहायला मला पाच दिवस लागले. पत्र लहान होतं. मार्ग एकच आहे, दुसरी नोंद ही मी काढलेली नक्कल आहे, गस्तीवाल्यानं हे मला वर्षभरापूर्वी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि त्यांना परत घ्यावं. उत्तर दोन दिवसांत आलं. दोष वेळीच निदर्शनास आणल्याबद्दल माझं अभिनंदन केलं होतं. जुन्या नावाची नोंद काढून टाकण्यात आली आहे आणि आराखड्यात सिल्लोडपुढे 'एक मार्ग' अशी दुरुस्ती केली आहे, असं कळवलं होतं. गस्तीवाल्याबाबत एक ओळ होती. कंत्राटदारानं त्या जागी दुसरा माणूस नेमला असल्यानं विषय संपला आहे.

जुन्या नोंदीबरोबर मामांच्या सगळ्या सह्या गेल्या. ज्या वाचवायला मी हा घोळ घातला, त्याच.

एका रविवारी सकाळी बस पकडून मी फुलंब्रीला उतरले आणि रिक्षानं त्यांच्या गावी गेले. मामा मक्याची कणसं सोलत बसले होते. त्यांच्या बायकोनं "या ताई, बसा" म्हणून पोत्यावरची कणसं बाजूला सारली आणि चहा टाकायला आत गेली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, नकलेपासून पत्राच्या उत्तरापर्यंत. सह्या गेल्याचंही सांगितलं. त्यांनी हातातलं कणीस सोलून पूर्ण केलं.

"मंग आता कागदावर किती रस्ते हायेत?"

"एकच."

"बरं झालं," ते म्हणाले. दुसरं कणीस उचलत विचारलं, "नव्या गड्याला लूप ठाव हायेत का?"

माझी तयारी शिव्या खायची होती, रडायचीसुद्धा होती. "कुणालाच नाहीत, मामा."

"मंग लिवून घ्या. पुन्हा मोरी गेली तर त्यो काय करंल?"

माझ्या पर्समध्ये एक वही असते. मी ती काढली आणि पोत्यावर बसले. ते कणसं सोलता सोलता सांगत गेले, मी लिहीत गेले. हर्सूलच्या पुढे, कडुनिंबापाशी, सात मीटर. चौक्याच्या घाटात दुसऱ्या वळणावर, अकरा, पण झाकण फुटलेलं आहे, जपून. फुलंब्रीच्या अलीकडे टायरवाल्याच्या मागे, बारा. पडलेल्या मोरीच्या दोन्ही बाजूंना आता शून्य, कारण सगळं ओढलं. तिथं नवी केबल येईपर्यंत ताण आहे, तेही लिहा म्हणाले. आळंदच्या पुढे एका शेताच्या बांधाला, वीस. चहा आला, निवला. एकदाही ते अडखळले नाहीत. एका जागी मात्र थांबले, डोळे मिटले, म्हणाले, "नऊ. नाय, धा." मी दहा लिहिलं.

एकतीस झाल्यावर त्यांनी हात धोतराला पुसले आणि वही मागून घेतली. शेवटच्या ओळीखाली सावकाश सही केली. शाईची सही. ती मी कित्येक वर्षांनी पाहत होते, अगदी सरळ होती.

"हितं समद्या जागी पाय ठिवलाय म्या," ते म्हणाले. मग पेन माझ्याकडे केलं. "तुमची बी करा मॅडम. नोंद तुमचीच हाय."

मी पेन हातात घेतलं. त्या मार्गाविषयी बावीस वर्षं मी अधिकारानं बोलत आले होते आणि एकतीसपैकी एकाही चेंबरचं झाकण मी पाहिलेलं नव्हतं.

"मला नाही करता येणार, मामा."

"कामून?"

"मी कुठं चाललेय तिथं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समजूत घातली नाही, असू द्या म्हणाले नाहीत.

"व्हय," ते म्हणाले. "मंग नका करू."

नव्या गस्तीवाल्याला मी त्या पानाची नक्कल दिली. अस्सल माझ्याकडे आहे. तिच्यावर एकच सही आहे.